जेन झटकायचं कुणी

शिरूर,
१८ मार्च २००२

विश्वजीत आणि स्नेहल,
दोघांना माझे आणि रतनबाईचे आशीर्वाद.

ठँव्... ठँव्... ठँव्. केंदूरला आमच्या वाडीवर लोकर पिंजायला बसत तेव्हा धनुकलीच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा, हा आवाज दिवसभर चालायचा. मी तेव्हा चौथीत. त्या ठेक्यावर मी कविता पाठ करायचो. एक ओळ, एक ठँव्. पुढं वर्गात म्हणायला उभा राहिलो की ओळीनंतर थांबायचो. मास्तर विचारत, "गेण्या, अडखळतोस का रे?" मी अडखळत नसे. तातीची वाट बघत असे.

हे आठवायचं कारण, आज सकाळी तुमच्या खोलीचं दार उघडलं आणि समोर जेन पसरलेलं दिसलं. त्याच पिंजलेल्या लोकरीचं ते जाड अंथरूण. आमच्या घरच्या शेवटच्या कळपाची लोकर. नंतर मेंढरं गेली, वडिलांनी शेती धरली, मी खडू धरला. तुम्ही लोक त्याला गालिचा म्हणायचात, मला त्याचं वाईट वाटलं नाही. जमिनीवर अंथरायचं ते सगळं गालिचाच.

तर मुद्दा असा. परवा शनिवारी तुमचं सामान टेंपोतून गेलं तेव्हा आम्ही केंदूरला बारशाला होतो, त्यामुळं स्नेहलची भेट झाली नाही. शेजारी म्हणाले, विश्वजीत मागं राहिला, तो जेन साफ करून किल्ली देणार होता. काल सकाळी किल्ली खिडकीत मिळाली. जेन मात्र तसंच आहे. करारात जालिंदरनं, म्हणजे आमच्या मुलानं, मुद्दाम घातलं होतं की जागा सोडताना जेन झटकून, ऊन दाखवून देण्याची जबाबदारी भाडेकरूची. मी त्यावरून भांडणारा माणूस नाही. पण पाडव्याला नवे भाडेकरू येणार आहेत.

आम्हीच झटकलं असतं, पण रतनबाई हात लावू देत नाही. म्हणते, "जाणारा पोचल्याचा सांगावा आल्याबिगर मागं झाडझटक करायची न्हाई." तेव्हा आधी पोचल्याचं दोन ओळींत कळवा, मग जेनाचं ठरवू.

रतनबाई असंही म्हणते की काल सकाळी आम्ही केंदूरहून येऊन स्टँडवर उतरलो तेव्हा विश्वजीत नगरच्या गाडीत चढला. मी म्हटलं, अगं, वरवंडला जायचं तर चौफुल्याची गाडी धरेल, नगरला कशाला जाईल. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन यंदा करायचंच आहे.

गेणबा गुरुजी

◆

वरवंड,
२३ मार्च २००२

आबा आणि आजी,
नमस्कार.

पत्र मिळालं. आम्ही इथं मामांकडे सुखरूप पोचलो आहोत. मामांच्या सिमेंटच्या दुकानाशेजारी दोन खोल्या दिल्यात. सामान लागलं.

गालिच्याचं राहून गेलं हे खरं. हे करणार होते, पण गडबडीत झालं नसेल. तुम्ही एखादा गडी लावून तो उन्हात टाका आणि दहा काठ्या मारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. जे काय होईल ते अनामतीतून वळतं करा, आमची हरकत नाही. एका गालिच्यावरून तुमचे नवे भाडेकरू अडायला नकोत.

आबा, सहज विचारते. आजींनी पाहिली ती नगरची गाडी किती वाजताची होती? आणि यांच्याकडे निळी बॅग होती का?

स्नेहल

◆

शिरूर,
२७ मार्च २००२

स्नेहल,

तुझं पत्र रतनबाईला वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ही काठी शोधायला उठेल. ती म्हणाली, "आमी म्हंजी कोण?"

मी म्हटलं, आम्ही म्हणजे ती दोघं.

"सांगावा ज्याचा त्यानं द्यायचा. तिनं तिचा दिला. त्याचा कुठं हाय?"

तुला हे खुळेपण वाटेल. मलाही शाळेत असताना वाटे. पण याच्या मागची गोष्ट सांगतो, मग हस. आमचे बापे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरत, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. मागं बाया, म्हातारे आणि शाळेत घातलेला मी. माणसं निघाली की ज्या जेनावर ती आदल्या रात्री बसली-जेवली ते जेन कुणी झटकायचं नाही. पहिल्या मुक्कामाहून कुणाबरोबर तरी निरोप येई, 'पोचलो, कळप धड आहे.' मगच आई जेन बाहेर काढी. कारण माणूस गेल्या गेल्या मागं झाडतात ते एकाच वेळी, आणि ती वेळ कोणती ते तुम्हा मराठ्यांच्या घरीही माहीत असतं. एका साली चुलत्याचा निरोप उशिरा आला. तोवर आम्ही सगळे जेनाच्या कडेकडेनं चालत होतो, जसं काही मध्ये कुणी झोपलंय.

मी तेव्हा दोन ओळी जुळवल्या होत्या. वहीच्या मागच्या पानावर, मास्तरांच्या भीतीनं पेन्सिलीत:

गेला त्याच्या मागे दारी कुणी काढू नये केर,
पाऊल पोचेतो तिथे धूळ राखते गं घर.

'गं' कुणाला उद्देशून होता ते आता आठवत नाही. बहुधा मात्रा भरायला.

गाडीचं विचारलंस. रतनबाई म्हणते, सकाळची पहिली. बॅग निळीच होती आणि खांद्याला कागदपत्रांची रेक्झिनची पिशवी. मी अजूनही म्हणतो, तिला चौफुल्याची गाडी नगरची वाटली असेल. बाकी एक सांगायचं राहिलं. विश्वजीतनं सुरुवात केली होती. जेनाचा दाराकडचा कोपरा उलटा दुमडलेला आहे आणि शेजारी काठी पडलीय. एक कोपरा उचलला आणि मग काय झालं, कुणास ठाऊक. शिकवताना मी पाहिलंय, काही मुलं पहिली ओळ चांगली म्हणतात आणि खाली बसतात. कविता येत नसते असं नाही.

त्याला म्हणावं, दोन ओळी स्वतःच्या हातानं लिही. 'पोचलो' एवढं पुरे.

गेणबा गुरुजी

◆

वरवंड,
१ एप्रिल २००२

आबा,

हे इथं आलेच नाहीत.

तुमचं पहिलं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं की ते शिरूरलाच आहेत, कंपनीतला हिशेब मिटवतायत. किल्ली खिडकीत ठेवून गेले हे तुमच्याच पत्रातून कळलं. मी 'आम्ही पोचलो' लिहिलं ते मामा समोर बसले होते म्हणून; घरातलं बाहेर गेलेलं त्यांना चालत नाही. फोन दुकानात आहे, पण तिथंही मामाच असतात.

तुम्हाला माहीत असेल, नसेल. रांजणगावला यांची लाइन जानेवारीतच बंद झाली. तरी हे रोज डबा घेऊन निघायचे. मला फेब्रुवारीत कळलं. मग मामा म्हणाले, दुकानावर माणूस लागतोच, इकडं या. हे हो म्हणाले. नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

सामान न्यायला मामा स्वतः टेंपो घेऊन आले होते. सगळं भरून झालं. हे म्हणाले, "गालिचा झटकायचाय, तुम्ही पुढं व्हा, मी करारातलं आहे ते करून येतो." मामा हमालांच्या देखत म्हणाले, "करा जावईबापू. तेवढं तरी जमंल ना?" हमाल हसले. मामांच्या तोंडाला लगाम नाही, पण पोटात काही नसतं, हे मला माहीत आहे. यांना माहीत नाही. मी टेंपोत बसलेली होते. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही.

सर्टिफिकेटं घेऊन गेलेत, म्हणजे स्वतःच्या मनानं गेलेत असं मामा म्हणतात, म्हणून पोलिसांत वर्दी दिली नाही. पहिला आठवडा मामा रोज संध्याकाळी चौफुल्याला जाऊन गाड्या बघून आले. मग म्हणाले, "बास. ज्याला यायचं न्हाई त्याची वाट बघत न्हाई हौसराव." तेव्हापासून घरात यांचं नाव घेतलं की मामा उठून जातात.

मी एक मागते आबा. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दहा काठ्या मारा. ते खोडून टाका. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कॉलेजात असताना मी आईशी यावरून भांडायचे. पण गालिचा झटकू नका. तो कोपराही सरळ करू नका.

स्नेहल

◆

(पोस्टकार्ड)

वरवंड, ३ एप्रिल २००२

गुरुजींना हौसरावचा रामराम.

आपली वळख न्हाई. मी स्नेहलचा मामा. पोरगी तुमाला कायबाय लिवती आसं कळलं. तुमची जागा आमी सोडली, किल्ली दिली, आता जेन साफ करणं हे राह्यलंय तेवढं करून घ्या आन् खर्च मला कळवा. करार केला तो माणूस न्हाई म्हणून आमी अंग काढणार न्हाई. पण पोरीच्या डोक्यात रीतभात घालू नका. एकदा झटकलं की तिच्या मनातनं पण जाईल. आशेवर बशिवलेलं माणूस कामातनं जातं, हे मी बघितलंय.

हौसराव

◆

शिरूर,
६ एप्रिल २००२

स्नेहल,

तुझं पत्र आणि तुझ्या मामांचं कार्ड एकाच दिवशी आलं. एक म्हणतं झटकू नका, एक म्हणतं झटका. दोन्ही पत्रं वाचून मला दोन्हीही बरोबर वाटली. हा माझा जुना दोष. शाळेत दोन मुलं भांडत आली की मी दोघांनाही पाठीवर थाप मारून पाठवायचो आणि मग बाहेर ती पुन्हा भांडायची.

रतनबाईचं तसं नाही. तिनं निकाल लावून टाकला. तुझं पत्र ऐकलं आणि आपलं अंथरूण उचलून पुढच्या, तुमच्या खोलीत नेलं. दुपारचंही आता ती तिथंच पडते, जेनाच्या कडेला, फरशीवर. मी म्हटलं, अगं गार लागेल, जेनावर तरी पड. "त्याच्यावर कशी पडू? पोरगं यायचंय." आणि तुझ्या मामांच्या कार्डावर तिचं म्हणणं एवढंच, "त्याला म्हणावं, ज्याचं दुकान सिमिटाचं त्यानं धुळीला नावं ठिवू न्हाई."

पोपटराव, म्हणजे आमचे नवे भाडेकरू, परवा बायकोला घेऊन जागा बघायला आले होते. दूध डेअरीत आहेत. बाई आत आल्या आणि शिंकायला लागल्या. शिंकता शिंकता म्हणाल्या, "गुरुजी, हे साफ होणार ना?" मी म्हटलं, होणार. "कोण करणार?" भाडेकरू सोडून गेलेला, मालकाला बंदी, आणि नवा भाडेकरू म्हणतो की आधीच्याची घाण मी का काढू. तेही बरोबरच. एवढं साधं काम आणि त्याला एकही हात नाही. जालिंदरनं पुण्याहून निरोप दिलाय की पाडव्याला खोली रिकामी आणि साफ हवी, नाहीतर पोपटराव दुसरी जागा बघतील. रतनबाईचं ऑपरेशन याच भाड्याच्या भरवशावर ठरलंय. तिला म्हटलं तर म्हणते, "मला दिसायचं तेवढं दिसतंय. गाडी नगरचीच हुती का न्हाई?"

होती. मी एस.टी. स्टँडवर जाऊन विचारलं. त्या गाडीचा कंडक्टर माझ्या हाताखालून गेलेला निघाला. निळ्या बॅगेचा माणूस त्याला आठवतो, सुप्याला उतरला म्हणाला. तिथं कारखाने आहेत. मी सुप्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. यावरून काही बांधू नकोस. मी फक्त आहे ते सांगितलं.

एक विचारून ठेवतो. पाडव्याच्या आत मला जेन खोलीतून काढावंच लागेल. गुंडाळलं तरी धूळ गळणार, आणि रतनबाईच्या लेखी गळणं म्हणजे झटकणंच. मागच्या आमच्या खोलीत ते मावत नाही. तुला काही सुचतं का?

गेणबा गुरुजी

◆

वरवंड,
९ एप्रिल २००२

आबा,

मला काही सुचत नाही.

तुमचं पत्र काल आलं तेव्हा मी विहिरीवर होते. पोस्टमननं ते दुकानात दिलं. मामांचा चष्मा फुटलाय, त्यामुळं त्यांना वाचता आलं नसेल असं मला वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर टाकलं. म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी म्हटलं, माझं पत्र आहे.

"माझ्या कार्डाचं उत्तर पण त्यात आसंल. वाच."

मी वाचलं. सिमेंट आणि धुळीचं आजींचं बोलणं गाळणार होते, पण गाळलं नाही. मामी हसल्या. मामा हसले नाहीत. मग आजी फरशीवर पडतात ते वाचलं. मग ऑपरेशनचं. सुप्याचं वाचलं तेव्हा मामांनी विचारलं, "सुप्याला कुठं?" मी म्हटलं, एवढंच लिहिलंय. ते उठून दुकानाकडं गेले. आज सकाळपासून माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटतं रागावलेत, घरातलं बाहेर लिहिलं म्हणून.

आबा, आजींचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवू नका. शनिवारी पाडवा आहे. शुक्रवारपर्यंत काही कळलं नाही, तर करा तुम्हाला करायचं ते. मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त झटकल्याचं मला कळवू नका.

स्नेहल

◆

शिरूर,
१२ एप्रिल २००२, शुक्रवार

स्नेहल,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. झटकल्याचं कळवू नका म्हणालीस; मग काय कळवावं ते कळत नाही, तरी लिहायला बसलो आहे. सुप्याहून उत्तर आलं. माझा विद्यार्थी लिहितो की त्यानं दोन-तीन कारखान्यांच्या गेटवर विचारलं, रोजंदारीवर माणसं रोज नवी असतात, नावं कुणी सांगत नाही. तो पुन्हा विचारणार आहे. तो शब्दाचा पक्का आहे, पाठ दिलेली कविता दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवणारा.

सकाळी रतनबाईनं आपलं अंथरूण पुढच्या खोलीतून उचलून मागं आणलं. पोपटरावांचं सामान उद्या सकाळी येतंय. समोरच्या दोघा पोरांना मी दुपारी हाताशी बोलावलंय. दुमडलेल्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ बसलो होतो. खालची फरशी तिथं वेगळ्या रंगाची आहे, वर्षानुवर्षं झाकलेली, काळीभोर. एवढीच फरशी त्यानं मोकळी केली. मला त्याचा राग येत नाही. बाहेर माणसं हसून गेलेली, घर रिकामं, हातात काठी. त्या काठीनं काय काय झटकायचं होतं त्याला.

आमच्या वेळी चौथीच्या पुस्तकात परत न आलेल्या माणसाची एकही कविता नव्हती. सगळे परत यायचे. शेवटच्या कडव्यात दिवा लागलेला असायचा. मी इतकी वर्षं ते शिकवलं, आणि आता...

इथं दार वाजलं. मला वाटलं, पोरं आली. पुढचं हे उभ्यानं लिहितो आहे, पत्र पोस्टात टाकावं लागणार नाही, आलेत तेच घेऊन येतील.

दारात एक जाडसर गृहस्थ उभे. टोपीवर, भुवयांवर सिमेंटची पांढुरकी झाक. काखेत नव्या ताडपत्रीची गुंडाळी. मागं रस्त्यात टेंपो आणि दोन हमाल, माना खाली घातलेले.

"गुरुजी तुम्हीच का? मी हौसराव, वरवंडचा."

मी या म्हटलं. ते आत येईनात. चपला आधीच बाहेर काढल्या होत्या, तरी उंबऱ्यावरूनच जेनाकडं बघत राहिले. त्या कोपऱ्याकडं जास्त.

मी म्हटलं, "तुमच्या कार्डाप्रमाणं अजून काही केलेलं नाही. दुपारी करणार होतो."

"बरं झालं न्हाई केलं." ताडपत्री त्यांनी हमालाकडं दिली. "ही शेजारी पसरायची, आन् चौघांनी कडा धरून जेन आल्लाद त्याच्यावर घ्यायचं. हाय तसं. कोपरा पण हाय तसाच. सिमिटाची फुटकी गोणी उचलतो तसं. कण सांडाय नगं." मग मला म्हणाले, "गोदामातली एक खोली मोकळी केलीया. तिथं पसरून ठिवतो. तुमचं जेन हाय, न्हेऊ का?"

रतनबाई मागच्या दारातून कधी आली मला कळलं नाही. तिनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "न्ह्याल. आन् मग झटकायचं कुणी?"

हौसराव पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. हमालांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "जावयांनी. त्यांचं काम हाय ते. आलं की करतील."